घरावरून चक्कर मारायची आहे? आधी उंची ठरवा, मग विमानाची चावी घ्या

पीपीएल, म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स, हातात पडलं की थोड्याच दिवसांत हा फोन येतोच. "अरे आमच्या घरावरून एक राउंड मार ना, आम्ही सगळे बाहेर उभे राहतो, पोरं हात करतील, मामाचं विमान म्हणून नाचतील." आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तेच हवं असतं, एवढे डॉलर घातले, एवढे महिने हवामानाचे रिपोर्ट आणि रेडिओ कॉल घोकले, आता कोणीतरी बघायला नको का. त्यामुळे "जाऊच नका" असं मी लिहिणार नाही, जाणारा जातोच. कसं जायचं, किती उंचीवरून जायचं आणि कधी तिथून निघायचं एवढंच लिहितोय. बऱ्याच गोष्टी अमेरिकेतल्या आहेत कारण आपली पुष्कळ मुलं फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाला जाऊन शिकतात, आणि वीकेंडला भाड्याच्या सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानातून मित्रांना फिरवणारी मराठी आयटीवाली मंडळी पण तिकडेच जास्त. धुळे, बारामती, गोंदियाला शिकणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तसं सांगतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: खाली किंवा शेजारच्या सीटवर ओळखीचं माणूस असेल तर तुमची किमान उंची त्या दिवशी वाढवा. अनोळखी माणसाच्या शेतावरून जाताना कोणी उगाच २०० फुटांवर उतरत नाही, तिथे कोणाला काय पडलंय. माणूस खाली येतो तो कोणाला तरी दाखवायला. मित्राचं फार्महाऊस, सासुरवाडी, बीचवर बसलेला ग्रुप, नाहीतर डॅशबोर्डला चिकटवलेला कॅमेरा. लो फ्लाइंग, म्हणजे कमी उंचीवरून उडणं, हा उडवण्यात हात किती साफ आहे याचा प्रश्न आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. हात साफ असलेलेही मेलेत, खाली दोन किस्से दिलेत.

नियम पटकन बघू, कारण परीक्षेला पाठ करून विसरलेले असतात. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्याचा नियम ९१.११९. दाट वस्तीवरून जाताना तुमच्या आजूबाजूच्या २,००० फुटांच्या वर्तुळात जे सगळ्यात उंच असेल, इमारत म्हणा टॉवर म्हणा, त्याच्यावर १,००० फूट. बाकी ठिकाणी जमिनीपासून ५००. मोकळं पाणी किंवा अगदी तुरळक वस्ती असेल तिथे ५०० चा आकडा जमिनीपासून मोजत नाहीत, पण कुठलाही माणूस, गाडी, होडी, बांधकाम यांच्यापासून ५०० फुटांच्या आत जायचं नाही. आणि या सगळ्याच्या वर एक कलम आहे जे लोक वाचतच नाहीत: कुठेही असा, इंजिन बंद पडलं तर खालच्या कोणाला धोका न होता उतरता येईल इतकी उंची हवीच. म्हणजे ५०० फूट पाळले तरी तुम्ही चूक ठरू शकता. दाट वस्ती म्हणजे नक्की किती घरं याचा आकडा नियमात नाही, एफएए प्रत्येक केस बघून ठरवतं, त्यामुळे "ती कॉलनी छोटी होती हो" हा बचाव धरून बसू नका. भारतात पण ढाचा तसाच, वस्तीवर सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर १,००० फूट, इतरत्र ५००, आणि कमी उंचीवरून धोकादायक उडवणं हा वेगळा गुन्हा. पुण्यात तर हवाई दलाचा एअरस्पेस आहे, तिथे घरावरून चक्कर वगैरे डोक्यातून काढूनच टाका.

आता एक साधी गोष्ट जी नवीन माणूस हमखास विसरतो. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. फ्लोरिडात शिकलात तर हे कधी जाणवतच नाही, तिकडे जमीन जवळजवळ समुद्राच्या लेव्हललाच, काटा १,००० दाखवतो म्हणजे खरंच १,००० फूट. मग तोच माणूस ॲरिझोनात प्रेस्कॉटला जातो, तिथलं एअरपोर्टच ५,००० फुटांवर, आणि आजूबाजूची टेकाडं त्याच्याही वर. पुण्याची जमीन साधारण १,९०० फूट. तेव्हा ज्या ठिकाणावर फिरायचंय तिथल्या जमिनीची उंची चार्टवर बघा, त्यात १,५०० मिळवा आणि तो आकडा नी-बोर्डवर, म्हणजे मांडीवर बांधायच्या पाटीवर, मोठ्या अक्षरात लिहा. "मी ३,४०० च्या खाली येणार नाही" असा. वर गेल्यावर मनातल्या मनात बेरीज करायची नाही, वर गेल्यावर लोक हात हलवत असतात आणि बेरजा चुकतात.

१,५०० का? ५०० कायदेशीर आहे ना? आहे, पण जरा हिशोब करू. सेसना १७२ एस इंजिन बंद पडल्यावर ६८ नॉटला (ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास) ग्लाइड करते, म्हणजे तरंगत खाली येते, १,००० फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर). म्हणजे ५०० फुटांवरून तुमच्याकडे साधारण चाळीस सेकंद असतात, त्यातले पहिले चार-पाच "अरे हे काय झालं" यातच जातात, मग नाक खाली घ्यायचं, जागा शोधायची, वाऱ्याचा विचार करायचा, पेट्रोलचा नॉब बघायचा. वळायला उंची नसतेच, समोर जे असेल ते. २०० फुटांवरून पंधरा सेकंद. १,५०० वरून जवळजवळ दोन मिनिटं, त्यात चेकलिस्ट होते, मेडे, म्हणजे रेडिओवर मदतीची हाक, होते, दोन शेतांमधलं बरं शेत निवडता येतं. हीच ती उंची जी तुम्ही खाली हात करणाऱ्या पोरांना खूश करायला देऊन टाकता.

पण खरं सांगू का, इंजिन बंद पडणं हे यातलं मुख्य भूत नाहीच. इंजिन व्यवस्थित चालू असताना लोक मरतात, ते वळताना. या भागावर जरा थांबतो.

तुम्ही घराभोवती फिरताय, घर खिडकीत धरून ठेवायचंय, वाऱ्याने विमान सरकतंय, घर मागे पडायला लागलं की आपोआप बँक, म्हणजे विमानाचा एका बाजूला कल, वाढते, बँक वाढली की नाक खाली जातं, नाक खाली गेलं की हात आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो. डोळे बाहेर, एअरस्पीडकडे कोण बघतंय. १७२ एस सरळ उडताना फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) न घेता ४८ नॉटला स्टॉल होते, म्हणजे पंखांना विमान पेलवत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. ४५ डिग्री बँकला तोच आकडा ५७ होतो आणि ६० डिग्रीला ६८, हो, तीच स्पीड ज्याला आपण निवांत ग्लाइड म्हणतो. ६० डिग्रीला तुमचं वजन दुप्पट झालेलं असतं. त्यात घर बघायला म्हणून आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटी फिरवणारं पायातलं पेडल, जरा जास्त दाबला गेला तर नुसता स्टॉल होत नाही, विमान एका बाजूला पडतं आणि स्पिन, म्हणजे गरगरत खाली जाणं, सुरू होतो. स्पिनच्या एका फेरीत छोटं विमान अंदाजे ५०० फूट गमावतं. तुम्ही आहात ५०० वर. पुढचं गणित तुम्हीच करा.

अलास्कात याला मूस स्टॉल म्हणतात, खाली मूस दिसला, तो मोठा सांबरासारखा प्राणी, की त्याच्याभोवती घिरट्या घालत घालत पायलट वळण आवळत जातो आणि पडतो. घर असो नाहीतर प्राणी, विमानाला काही फरक पडत नाही.

वाऱ्याचा एक चकवा पण असतो. खाली आल्यावर जमीन भराभर सरकताना दिसते. पाठीमागून वारा असला की वाटतं केवढा स्पीड आहे, हात नकळत थ्रॉटल मागे घेतो, प्रत्यक्षात हवेतला वेग तितकाच होता आणि आता तो कमी झालेला असतो. १,५०० वरून हा चकवा फारसा होत नाही, ३०० वरून जबरदस्त होतो. वळायला किती जागा लागते तेही वाऱ्यावर. १०० नॉटला ३० डिग्री बँकने पूर्ण उलटं फिरायला सव्वानऊशे मीटर रुंदी लागते, ४५ ला साडेपाचशेच्या आसपास, ६० ला तीनशेच्या वर थोडी. अरुंद गल्लीत ट्रक वळवायचा असेल तर ड्रायव्हर आधी एका कडेला दाबून घेतो, तसं दरीत किंवा नदीवर आधीच एका काठाला सरकून राहायचं म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. मधोमध उडणाऱ्याने अर्धी जागा आधीच घालवलेली असते.

न्यूयॉर्कची केस नेमकी हीच. ११ ऑक्टोबर २००६. यांकीज या बेसबॉल टीमचा पिचर कोरी लाइडल आणि त्याचा इन्स्ट्रक्टर, सिरस एसआर२० घेऊन ईस्ट नदीवरून वर चालले होते. तिकडे एअरस्पेस अशी होती की नदीवरून उत्तरेला जाऊन पुढे ला ग्वार्डिया एअरपोर्टची हद्द लागायच्या आत यू-टर्न घ्यायचा, नाहीतर कंट्रोलरची परवानगी मागायची. त्यांनी यू-टर्न घेतला. नदीची सगळी रुंदी वापरली नाही, पूर्वेकडून वारा होता तो विमानाला मॅनहॅटनच्या इमारतींकडे ढकलत होता, वळण पुरलं नाही आणि विमान ७२ व्या रस्त्यावरच्या टॉवरमध्ये घुसलं. दोघे गेले. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, कारण लिहिलं ते प्लॅनिंग, निर्णय आणि उडवण्यातल्या कमतरतेचं, विमानात बिघाड काही नव्हता. आणि लक्षात घ्या, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला होता. "सर सोबत आहेत" म्हणून भौतिकशास्त्र सवलत देत नाही.

तर आता घर दाखवायचंच आहे तर असं दाखवा.

आदल्या दिवशी सॅटेलाइट मॅपवर घर शोधा आणि घराजवळची एक मोठी खूण पकडा, तळं, शाळेचं मैदान, हायवेचा चौक. वरून सगळी घरं सारखीच दिसतात आणि घर शोधता शोधता खाली येत जाणं हा सगळ्यात कॉमन प्रकार आहे. चार्टवर आजूबाजूचे टॉवर बघून घ्या, एअरस्पेस बघा, टीएफआर, म्हणजे तात्पुरती उड्डाणबंदी, बघा. पाहुणा उजव्या सीटवर असेल तर उजवीकडे वळत फिरायचं, म्हणजे त्याला दिसेल, तुम्हाला घर दिसायची काही गरज नाही, तुम्ही पायलट आहात. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो आणि उन्हाळ्यात गरम हवेचे धक्के सुरू झालेले नसतात, पाहुण्याला उलटी होत नाही हा वेगळा फायदा. जमिनीपासून १,५०० फूट, ९० नॉट, ट्रिम नीट केलेलं (योक धरून न ठेवता नाक जागेवर राहील असं), बँक २० डिग्रीच्या वर न्यायचीच नाही. २० डिग्रीला ९० नॉटवर तुमचं वर्तुळ साधारण ६०० मीटर त्रिज्येचं होतं, एवढ्यावरून घर, अंगण, गाडी सगळं दिसतं. माणसं पण दिसतात, चेहरे दिसत नाहीत, ते फोनवर बघायचे. घर पंखाखाली गेलं तर जाऊ द्या, वळण आवळून परत आणायचं नाही, पुढच्या फेरीत येईल. वळण सुरू करताना शक्यतो वारा पाठीमागून घेऊन आत शिरा, म्हणजे सगळ्यात जास्त बँक पहिल्यांदाच लागते आणि नंतर ती कमी कमी करत जायची असते, उलटं केलं तर बँक वाढत जाते आणि आपण मघाशी बोललो त्या खड्ड्यात पडतो. दोन फेऱ्या झाल्या की निघा. तिसऱ्या फेरीला माणूस "जरा अजून खाली" म्हणतो, हे ठरलेलं आहे.

फोटो पाहुण्याने काढायचे. पायलटच्या हातात फोन नको. आणि खालच्यांना आधीच सांगून ठेवा की आम्ही उंचावरून जाणार, पंख हलवणार नाही, विमान छोटं दिसेल. अपेक्षाच नसली की वर बसून कोणाला खूश करायचं दडपण राहत नाही. पंख हलवून सलाम वगैरे १,५०० वर केलं तरी चालतं म्हणा, पण सवय नको असं मला वाटतं.

तारा. हा विषय वेगळा घेतो कारण लोकांना वाटतं तार दिसेल. नाही दिसत. खांब दिसतो, तार दिसत नाही, जुनी तार तर गंजून जमिनीच्याच रंगाची होते, आणि सूर्य समोर असेल तर विषयच संपला. १०० नॉट म्हणजे सेकंदाला ५० मीटर, तार दिसल्यावर हात हलेपर्यंत तुम्ही तिच्यात असता. अमेरिकेत साधारणपणे २०० फुटांखालच्या टॉवरला लाइट-रंग लावायची सक्ती नसते, त्यामुळे वाऱ्याचा वेग मोजायला लावलेले बारीक मनोरे शेतात उभे असतात आणि फवारणीवाले पायलट त्यांना आदळलेत, ज्यांचा धंदाच खालून उडायचा आहे ते. उंच अँटेनाच्या टॉवरला ताण द्यायच्या तारा असतात त्या टॉवरपासून १,५०० फूट लांबपर्यंत पसरलेल्या असू शकतात, म्हणून टॉवरपासून आडवं अंतर २,००० फूट ठेवा असं एफएएच सांगतं. कधी खरंच तारा ओलांडायची वेळ आलीच तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायचं, दोन खांबांच्या मधून कधीच नाही, कारण खांबाचं टोक दिसतं आणि बहुतेक वेळा तार त्याच्या वर नसते. आपल्याकडे सह्याद्रीत एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हाय टेन्शन लाइनी गेल्यात, खाली दरी एवढी खोल की पायलटला वाटतं आपण खूप वर आहोत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, त्यांची पाती फिरताना लांबून उंचीचा अंदाजच येत नाही. रोपवे वेगळेच. इटलीत कावालेझेला ३ फेब्रुवारी १९९८ ला अमेरिकन लष्करी विमानाने खालून उडताना रोपवेची केबल कापली आणि पाळण्यातले वीसच्या वीस जण गेले, ते तर ट्रेन्ड मिलिटरी पायलट होते.

पक्ष्यांचं एका ओळीत: बहुतेक पक्षी खालच्याच हवेत असतात, घारी तर विमान बघून बाजूला व्हायच्या ऐवजी खाली सूर मारतात, म्हणून समोर घार दिसली तर शक्यतो वर जायचं.

हात साफ असलेल्यांचे किस्से देतो म्हणालो होतो. आयकॉन ए५ नावाचं छोटं पाण्यावर उतरणारं विमान आहे, फार देखणं, जाहिराती सगळ्या पाण्याला घासून जाणाऱ्या, जणू हवेतली जेट स्की. ८ मे २०१७ ला कॅलिफोर्नियात बेरिएसा तलावावर कंपनीचाच अत्यंत अनुभवी इंजिनियर आणि टेस्ट पायलट, ज्याने हे विमान घडवलं त्यातला मुख्य माणूस, खालून उडत चुकून एका आंधळ्या दरीत शिरला. तिन्ही बाजूंनी चढ. वर चढायला ताकद पुरेना, वळायला जागा पुरेना. तो आणि सोबतचा सहकारी दोघे गेले. त्याच्यापेक्षा ते विमान जास्त कोणाला कळत असणार. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने लो फ्लाइंग कसं करावं याच्या सूचना काढल्या, आणि ७ नोव्हेंबरला बेसबॉलचा मोठा खेळाडू रॉय हॅलडे त्याच मॉडेलचं आपलं नवं कोरं विमान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्यावरून ११ फुटांपर्यंत खाली आणत, घरांजवळून जात, झपकन वर चढून वळत होता, आणि कोसळला. त्याच्या शरीरात औषधं होती, ते एनटीएसबीने कारणात धरलंय, म्हणजे त्या दिवशी तो उडायला फिट नव्हताच. पण त्या सगळ्या कसरती हजार फूट वर चालल्या असत्या तर स्टॉल झाल्यावर निदान सावरायला जागा तरी उरली असती.

आणि आपल्याला घरचंच उदाहरण माहीत आहे. २३ जून १९८०, दिल्ली, सफदरजंग. संजय गांधी पिट्स एस-२ए घेऊन कमी उंचीवर कसरती करत होते, सोबत फ्लाइंग क्लबचे अनुभवी कॅप्टन सक्सेना, विमान कोसळलं आणि दोघे गेले. पिट्स हे कसरतींसाठीच बनवलेलं विमान आहे, त्यात खोट नव्हती. कसरत करायची तर उंचीवर करायची असते, अमेरिकेत त्यासाठी जमिनीपासून किमान १,५०० फूट लागतात आणि वस्तीवर तर बंदीच.

बेरिएसाच्या दरीवरून डोंगरातली एक गोष्ट आठवली ती सांगून टाकतो. १७२ एस समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढते असं पुस्तकात लिहिलंय. उन्हाळ्यात, पाच हजार फुटांवर, चौघे बसलेले, तो आकडा निम्म्याहून खाली येतो. समजा ३०० उरला आणि तुम्ही ८० नॉटने चाललात, तर एका नॉटिकल मैलात तुम्ही सव्वादोनशे फूट चढता. डोंगर एका मैलात सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट चढतो. म्हणून दरीत खालून वर शिरायचं नाही, वरून खाली यायचं, आणि कडा ओलांडताना ४५ डिग्रीत तिरकं जायचं म्हणजे हवेने खाली दाबलं तर अर्धंच वळून पळता येतं.

काही वेळा माणूस मस्तीने खाली येत नाही, ढग त्याला खाली आणतात. ढगांची छत खाली सरकत जाते, आपण "अजून शंभर फूट, अजून शंभर" करत खाली खाली, मग एक वेळ अशी येते की वर ढग, खाली झाडं आणि समोर टॉवर. हे पण लो फ्लाइंगच, आणि यात मरणारे बहुधा सज्जन, घाईत घरी पोचायचं असलेले लोक असतात. उपाय जुनाच: निघतानाच आकडा ठरवा. जमिनीपासून १,००० फुटांच्या खाली ढगांनी ढकललं की त्याच क्षणी उलटं फिरायचं, "पुढे मोकळं दिसतंय" असं म्हणायचं नाही. गाडी भाड्याने घेऊन घरी या, विमान उद्या आणू. सोमवारच्या मीटिंगचं काय ते बघून घेतील.

शेजारी बसणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. तुम्हाला उडवता येत नसलं तरी तुमच्याकडे एक गोष्ट आहे, तो तुमच्यासाठी उडवतोय. तुम्ही "वा!" म्हणालात की तो अजून खाली जाणार, तुम्ही गप्प बसलात तरी त्याला वाटतं आवडतंय. म्हणून निघायच्या आधीच, जमिनीवर, चहा पिताना सांगा: "दादा, मला उंचावरूनच बघायचंय, खाली नको, मला भीती वाटते." भीतीचं नाव पुढे करा, अगदी नसली तरी, त्याने त्याचा इगो दुखावत नाही. हवेत असताना झाडांची पानं वेगळी दिसायला लागली, खालच्या माणसाचे हातवारे ओळखू यायला लागले तर सरळ "वर घे" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. आरडाओरडा नको आणि चुकूनही योकला हात लावायचा नाही. पिशवी हातात घेऊन "मला उलटी होतेय" म्हणालात तर तो सरळच करेल, भाड्याचं विमान धुवायला कोणाला आवडतं. आणि उतरल्यावर तो व्हिडिओ कौतुकाने ग्रुपवर टाकू नका, पुढच्या वेळची मागणी तिथूनच तयार होते.

ज्यांना खरंच खालून उडायची हौस आहे त्यांना रस्ते आहेत. एअरपोर्टवर टॉवरला लो अप्रोचची परवानगी मागा, रनवेवरून खालून जाऊन परत चढायचं, मोकळी जागा आहे, तारा नाहीत, सगळ्यांना माहीत आहे तुम्ही काय करताय. इन्स्ट्रक्टर घेऊन टर्न्स अराउंड अ पॉइंट, म्हणजे एका खुणेभोवती गोल फिरायचा सराव, परत परत करा, ६०० ते १,००० फुटांवर, त्यातच वाऱ्याची समज येते. स्पिन आणि अपसेट रिकव्हरीचा, म्हणजे वेडंवाकडं झालेलं विमान सावरायचा, कोर्स करा, पॅराशूट घालून, उंचीवर, पैसे जातात पण एकदा स्पिन अनुभवला की ३०० फुटांवर वळण आवळायची इच्छा राहत नाही. सी-प्लेन रेटिंग, डोंगरी उड्डाणाचे कोर्स, फवारणीचं ट्रेनिंग, सगळं मिळतं. फक्त एक पळवाट वापरू नका: "मी उतरायला जागा बघत होतो". नियमात उतरताना-उडताना लागणाऱ्या उंचीला सूट आहे, आणि नेवाडातल्या एका यूट्यूबर पायलटने मित्राच्या जागेवरून खालून गेल्यावर हेच सांगितलं होतं, ती जागा उतरण्याजोगी नव्हतीच असं ठरलं आणि लायसन्स सस्पेंड झालं. अपील वरपर्यंत लढला तरी वाचलं नाही.

लायसन्सचं म्हणाल तर, अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांनी हे दोनदा वाचा. नियम मोडला की ९१.१३, म्हणजे बेपर्वा उडवणं, हे कलम बहुतेक वेळा सोबत लागतं. सस्पेन्शन झालं तर काही महिने घरी, रद्द झालं तर निदान एक वर्ष नवीन अर्जच करता येत नाही, आणि व्हिसा तर शिक्षणाचा असतो. नंतर डीजीसीए, म्हणजे आपल्याकडचं विमान वाहतूक खातं, फॉरेन लायसन्सची पडताळणी करतं, एअरलाइनच्या फॉर्मवर "तुमच्यावर कधी कारवाई झाली का" हा रकाना असतो. नासाकडे दहा दिवसांत आपली चूक आपणच कळवणारा रिपोर्ट टाकला की शिक्षेतून सूट मिळते असं होस्टेलवर कोणीतरी सांगतंच, पण ती सूट चुकून झालेल्या गोष्टीला आहे. काकूंच्या बार्बेक्यूवरून मुद्दाम मारलेली चक्कर त्यात बसत नाही, आणि आता एडीएस-बी, म्हणजे विमान आपली जागा सतत रेडिओवर कळवत राहतं त्या यंत्रणेमुळे उंची, वेग, रस्ता सगळं रेकॉर्ड होतं, वर तुमच्याच मित्राने टाकलेला व्हिडिओ पुरावा म्हणून असतो.

उलट बाजूने, तुमच्या घरावरून कोणी रोज असं करत असेल तर शिव्या घालण्यापेक्षा नोंद करा. शेपटीजवळचा नंबर, अमेरिकेत एन ने सुरू होतो, भारतात व्हीटी ने. तारीख, वेळ, कुठल्या दिशेने आलं, व्हिडिओत एखादं झाड किंवा छत येईल असा अँगल ठेवा म्हणजे उंचीचा अंदाज काढता येतो, नुसतं आकाश शूट केलं तर काही कळत नाही. अमेरिकेत जवळच्या एफएएच्या एफएसडीओ, म्हणजे स्थानिक ऑफिसला द्यायचं, भारतात डीजीसीएकडे. जवळच्या फ्लाइंग स्कूलचं विमान असेल तर आधी त्यांच्या चीफ इन्स्ट्रक्टरला फोन करून बघा, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं, आणि ते पोरगं लायसन्स जायच्या आधी एक सणसणीत बोलणी खाऊन सुटतं.